पदवीधर किती, हे विचारताय की उरले किती?

नाचणीची_भाकरी
१४ ऑक्टोबर, रात्री १०:५२

वर्ग आटपून आत्ताच घरी आलेय. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईस्तोवर लिहिते.

मी अमेरिकेत, आग्नेय आयोवातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचं स्थानिक सरकारी कॉलेज) संध्याकाळी गणित शिकवते. कॉलेज म्हणजे एका अंगाला मक्याचं शेत, दुसऱ्या अंगाला ट्रॅक्टरचं दुकान आणि मधे विटांची बैठी इमारत. संध्याकाळच्या वर्गाला येणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले. ऑक्टोबरात निम्मी बाकं रिकामी असतात, कारण मका-सोयाबीनची काढणी. ज्याचं स्वतःचं शेत नाही तोही धान्याच्या एलेव्हेटरवर जादा पाळी करतो. एलेव्हेटर म्हणजे उंच कोठारं. हमाल नाहीत, सगळी यंत्रं. पण ट्रकांची रांग लागते ती थेट आपल्या बाजार समितीसारखी.

आज वर्ग सुटल्यावर असाच एक जण मागे थांबला. वय ४७. जाकिटावर मक्याची तांबूस फोलपटं. आतल्या खिशातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. १९९० च्या दशकातली गुणपत्रिका, ७१ क्रेडिट. चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० लागतात. म्हणजे गडी अर्ध्याच्या पुढे गेला होता. मग वडिलांना अपघात, मग शेत विकलं, मग संसार. "हे अजून चालतं का?" असं त्याने विचारलं. बाद झालेली नोट दुकानदारापुढे करताना आपला आवाज होतो ना, तसा.

गाडी चालवताना डोक्यात तेच. हा माणूस सरकारी आकड्यांत बसतो कुठे?

काउंटीनिहाय नकाशे तुम्ही पाहिले असतील. २५ आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांत किमान चार वर्षांची पदवी असलेले किती, हे त्यात रंगवलेलं असतं. कृषी खात्याची आर्थिक संशोधन शाखा दर काही वर्षांनी ग्रामीण आणि शहरी काउंट्यांची ही तुलना मांडते. २००० साली ग्रामीण काउंट्यांत १५ टक्के, शहरी काउंट्यांत २६. पुढच्या दोन दशकांत ग्रामीण आकडा २१ च्या घरात आला आणि शहरी ३५ च्या पुढे गेला. दोघंही वाढले, पण ११ टक्क्यांची दरी रुंदावून १४-१५ ची झाली.

हे दाखवून लोक म्हणतात, खेड्यात शिक्षणाची कदर नाही. पण हायस्कूल वेळेत पूर्ण करण्यात ग्रामीण मुलं मोठ्या शहरांतल्या मुलांच्या पुढे आहेत, त्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे! मग पुढे होतं काय? मला वाटतं, या नकाशातून काउंटीने किती शिकवलं ते कळतच नाही. शिकलेल्यांतलं मागे कोण राहिलं एवढंच कळतं. आणि माझ्या ७१ क्रेडिटवाल्यासारखे लोक पदवीच्या रकान्यात नसतातच, ते "थोडं कॉलेज, पदवी नाही" या रकान्यात. देशभरात असे साडेतीन कोटींहून जास्त आहेत.

शिट्टी झाली. तुमच्या गावचं सांगा.

दख्खनी_इन_डॅलस
१४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

ताई, लिहिलंय छान, पण यात कोडं काय आहे? जिथे काम तिथे पदवी. आमच्या कॉलिन काउंटीत निम्म्याहून जास्त प्रौढ पदवीधर आहेत, कारण इथे कंपन्या आल्या. माझ्याच गल्लीत बघितलं तर इथे जन्मलेला, इथे शिकलेला एकही माणूस नाही. मी पुण्याचा, शेजारी ओहायोचा, पलीकडे चेन्नईचे अण्णा. मक्याच्या शेतात एमबीए करणार काय? बाजाराला ठरवू द्या.

नाचणीची_भाकरी
१४ ऑक्टोबर, रात्री ११:४१

दख्खनी, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की हो! तुमच्या काउंटीने तुमच्यापैकी एकालाही शिकवलं नाही आणि टक्का मात्र तिचा वाढला. ओहायोतल्या ज्या गावाने त्या शेजाऱ्याला बारावीपर्यंत शिकवलं त्या गावाला काय मिळालं?

कृष्णाकाठ
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

सांगलीहून वाचतोय. बाळबोध प्रश्न: काउंटी म्हणजे आपला जिल्हा की तालुका?

आकडेमोड्या
१५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

@कृष्णाकाठ, दोन्ही आणि एकही नाही. राज्याखालचा कारभाराचा विभाग, पण आकार वाटेल तो. अमेरिकेत साधारण ३,१०० च्या वर काउंट्या आहेत. लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटी लोक, आणि टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४. लव्हिंगमध्ये एक जोडपं पदवी घेऊन राहायला आलं की टक्केवारीचा आलेख उडी मारणार. २००० पर्यंत शिक्षणाचा प्रश्न जनगणनेच्या लांब फॉर्ममध्ये असायचा. आता वर्षभर चालणाऱ्या नमुना पाहणीतून आकडे काढतात आणि छोट्या काउंट्यांसाठी पाच-पाच वर्षं एकत्र करतात. तरी पुढे भलामोठा अधिक-उणे असतो, तो नकाशात कोणी रंगवत नाही.

आता मुद्द्याचं. ताई, "ग्रामीण" शब्दावर कोणी बोललं नाही म्हणून बोलतो.

इथे ग्रामीणच्या किमान दोन व्याख्या आहेत. तुम्ही दिलेले आकडे काउंटीवर आधारलेले. किमान ५० हजार वस्तीचा शहरी गाभा असलेली काउंटी आणि कामासाठी तिथे ये-जा करणाऱ्या आसपासच्या काउंट्या मिळून होतं महानगर क्षेत्र. त्यात नाही ती "नॉन-मेट्रो", आणि तिलाच बोलीभाषेत ग्रामीण म्हणतात. जनगणना खातं मात्र काउंटी बघत नाही, वस्तीचे छोटे तुकडे बघतं. गंमत अशी की त्या व्याख्येने जे ग्रामीण ठरतात त्यांतले निम्म्याहून जास्त लोक महानगरी काउंट्यांत राहतात. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी आपल्या अख्ख्या कोकण विभागाहून मोठी. बहुतेक भाग मोहावीचं वाळवंट, पण काउंटीच्या हिशोबात सगळी "शहरी". अ‍ॅरिझोनात ग्रँड कॅनियन ज्या काउंटीत आहे तीही महानगरी, कारण तिच्यात फ्लॅगस्टाफ आहे. दरीत उतरलेली गाढवं शहरी म्हणायची.

आणि याहून मोठी मेख पुढे आहे. एखाद्या ग्रामीण काउंटीचं बरं चाललं, लोक आले, कॉलेज वाढलं, शेजारच्या शहराशी ये-जा वाढली, की पुढच्या फेरवर्गीकरणात ती "शहरी" होते. तिचे पदवीधर सगळे पलीकडच्या रकान्यात. पास झालेल्या मुलांना उचलून दुसऱ्या तुकडीत बसवायचं आणि मग म्हणायचं, ही तुकडी ढ आहे!

मुळा_मुठा
१५ ऑक्टोबर, सकाळी ९:४४

गाढवं शहरी 😂😂
धागा वाचनखुणेत साठवला.

कोळसेवाडीचा_डॉक्टर
१५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मी वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला आहे, मॅक्डॉवेल काउंटीपासून गाडीने थोड्या अंतरावर. माझे बरेच रुग्ण तिथलेच. नकाशावर ही काउंटी सगळ्यात फिक्या रंगाची दिसेल. शंभर प्रौढांत ५-६ पदवीधर.

१९५० साली तिथे जवळपास ९९ हजार लोक होते, २०२० ला १९ हजार. कोळशाच्या खाणींत यंत्रं आली, मग खाणीच बंद पडत गेल्या. १९६१ मध्ये केनेडींच्या प्रायोगिक योजनेतले देशातले पहिले फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नधान्यासाठी सरकारी कुपनं) याच काउंटीतल्या वेल्च गावात दिले गेले. पण त्याआधीचा काळ जुने रुग्ण सांगतात. अठराव्या वर्षी खाणीत उतरलं की वडिलांएवढा पगार. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, दवाखाना कंपनीचा. अशा मुलाला कॉलेजात जा म्हणून कोणी आणि का सांगावं? पदवी तेव्हा खुळेपणा होता. खाणी गेल्या तेव्हा ज्यांच्या अंगात धमक होती ते शार्लटला, ओहायोला निघून गेले. उरले ते काळी फुप्फुसं घेऊन माझ्याकडे येतात.

दख्खनीसाहेब, "बाजाराला ठरवू द्या" म्हणालात. बाजाराने ठरवलंच आहे. मी इथे बाजारामुळे आलेलो नाही. जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण) केलेल्या परदेशी डॉक्टरने मायदेशी न परतता तीन वर्षं डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात काम केलं तर त्याला राहू द्यायचं, अशी तरतूद आहे. दर राज्याला वर्षाला ३० जागा. मी त्यातून आलो. तीन वर्षं म्हणून आलो आणि चौदा झाली. या डोंगरात पदवीधरांचा टक्का वाढवायला सरकारला मिरजेहून माणूस आणावा लागला, यातच काय ते आलं.

एक बारकी गोष्ट, जी आमच्या नर्सने दाखवून दिली. मॅक्डॉवेलमध्ये एक फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, तुरुंग आहे. जनगणनेत कैदी तुरुंगाच्या पत्त्यावर मोजले जातात, आणि २५ वर्षांवरच्या शिक्षणाच्या टक्क्यातही ते येतात. भलत्याच राज्यातला, हायस्कूल सोडलेला पोरगा इथल्या "अडाणी" लोकांत धरला जातो. १९ हजारांच्या वस्तीत तेही जाणवतं.

दख्खनी_इन_डॅलस
१५ ऑक्टोबर, रात्री ९:५८

डॉक्टरसाहेब, तुरुंगाचं माहीत नव्हतं. माझा सूर जरा फटकळ होता, मान्य. पण एक विचारतो, उचकवायला नव्हे: सगळ्यांना पदवी हवीच कशाला? माझ्याकडे एसीचं काम करायला येतो तो पोरगा २६ वर्षांचा, कर्ज शून्य, स्वतःची व्हॅन. मी त्या वयात दोन बँकांचे हप्ते फेडत होतो.

पाटीवरची_मीना
१५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

दख्खनींच्या या प्रश्नाला माझा अर्धा पाठिंबा. मी नेब्रास्कात शाळेत शिकवते. चार वर्षांच्या पदवीऐवजी दोन वर्षांची असोसिएट पदवी बघितली तर ग्रामीण आणि शहरी काउंट्या जवळजवळ बरोबरीत येतात. वायरमन, वेल्डर, एक्स-रे तंत्रज्ञ, नर्सिंगची पहिली पायरी हे सगळं त्या रकान्यात. "पदवीधर किती" या नकाशात त्यांना शून्य किंमत.

उरलेला अर्धा पाठिंबा का नाही तेही सांगते. आमच्या गावात पदवीधर बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत, आणि ग्रामीण भागात सगळीकडे हेच दिसतं. कारण बाईला गावात बरा पगार मिळेल अशी कामं दोनच, शाळा आणि दवाखाना, आणि दोन्हीकडे कागद लागतो. पुरुषाला कागदाशिवाय ट्रक चालवता येतो, एलेव्हेटर आहे, रेल्वे आहे. "पदवी कशाला हवी" हा पुरुषांना परवडणारा प्रश्न आहे हो.

दख्खनी_इन_डॅलस
१५ ऑक्टोबर, रात्री १०:३६

🙏 बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मीनाताईंना माझाही नमस्कार सांग.

आकडेमोड्या
१६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

ग्रामीण म्हणजे कमी शिकलेलं, हे समीकरण मोडणाऱ्या काउंट्याही बघा. न्यू मेक्सिकोत लॉस अलामोस: १९४३ मध्ये अणुबॉम्बसाठी प्रयोगशाळा वसवली, आज वस्ती १९ हजारांच्या आसपास, काउंटी नॉन-मेट्रो, आणि दर तीन प्रौढांत दोन पदवीधर! वॉशिंग्टनला चिकटलेल्या आर्लिंग्टनशी (तिथे चारात तीन) जवळपास बरोबरी. शेजारच्याच रिओ अरीबा काउंटीचा टक्का मात्र खूपच खाली. रोज सकाळी रिओ अरीबातून कामगार डोंगर चढून लॉस अलामोसला जातात आणि संध्याकाळी उतरतात. दोन्ही काउंट्यांत हवा तीच, शाळेचं राज्य तेच.

कोलोरॅडोत पिटकिन (अ‍ॅस्पेन तिथे आहे), वायोमिंगमध्ये टीटन. दोन्ही ग्रामीण, दोन्हींत निम्म्याहून जास्त पदवीधर. हे पदवीधर तिथे शिकले नाहीत, पैसे कमावून बर्फावर घसरायला आले.

कृष्णाकाठ
१६ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

म्हणजे आपल्याकडचं महाबळेश्वर. बंगले मुंबईकरांचे.

नाचणीची_भाकरी
१६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

अगदी. आणि तिसरा प्रकार विद्यापीठाच्या गावांचा. आयोवात ९९ काउंट्या. त्यांतल्या स्टोरी (एम्स) आणि जॉन्सन (आयोवा सिटी) या दोन उठून दिसतात, दोन्हींत निम्म्याच्या आसपास पदवीधर. १८६२ मध्ये लिंकनच्या काळात मॉरिल कायदा झाला: राज्यांना जमीन द्यायची आणि ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची. तो कायदा स्वीकारणारं पहिलं राज्य आयोवा. शेतकऱ्याच्या पोरासाठी कॉलेज, हा मूळ हेतू. शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर मराठी वाचकाला परका नाही. ते इंडियानोलातल्या छोट्या कॉलेजातून १८९१ मध्ये एम्सला आले, तिथेच शिकले, शिकवलं, आणि १८९६ ला अलाबामात टस्कीगीला गेले. म्हणजे आमचा सगळ्यात नामांकित पदवीधरही शेवटी बाहेरच गेला. (अर्थात जिथे जास्त गरज होती तिथे गेला, ही गोष्ट वेगळी.)

एम्ससारखी मोठी तगतात. छोट्यांचं बघा. आमच्याच बाजूला माउंट प्लेझंटला आयोवा वेस्लियन होतं, १८४२ सालचं. आयोवा राज्य झालं १८४६ ला, कॉलेज त्याच्याही आधीचं. मे २०२३ मध्ये बंद पडलं. मी त्या हिवाळ्यात एकदा बाजाराला गेले होते तेव्हा आवारात शिरले. पायऱ्यांवर बर्फ तसाच, कोणी ओढला नव्हता. या गावातल्या तिशीच्या माणसाला नोकरी करून संध्याकाळी बॅचलर पूर्ण करायचं तर जवळचा पर्याय आता किती मैल दूर गेला? ऑनलाइन आहेच म्हणा. पण आमच्या वर्गातली एक बाई ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून गृहपाठ पाठवते, कारण घरी इंटरनेट टिकत नाही.

रयतेचा_पाईक
१६ ऑक्टोबर, रात्री १०:२५

सातारकर म्हणून राहवत नाही. केंटकीत बेरिया कॉलेज आहे, अ‍ॅपलाचियन डोंगरातल्या गरीब मुलांसाठी. १८९२ पासून एकाही विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेतलेली नाही. त्या बदल्यात प्रत्येकाने आठवड्याला किमान दहा तास कॉलेजात काम करायचं: शेतात, स्वयंपाकघरात, सुतारकामात, कार्यालयात. मी पाच वर्षांपूर्वी गेलो होतो. केरसुण्या बांधणाऱ्या एका मुलीने माहिती दिली, केरसुणीची दोरी ओढत ओढत. मला कर्मवीरांची "कमवा आणि शिका" डोळ्यापुढे आली. रयत १९१९ ची, साताऱ्याचं शिवाजी कॉलेज १९४७ चं. बेरिया काढणारे आणि कर्मवीर एकमेकांना कधी भेटले नाहीत, दोन डोंगर सात समुद्रांपलीकडे, आणि युक्ती एकच.

आकडेमोड्या
१६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

युक्ती सुंदर, पण बेरिया एकच आहे आणि जागा मोजक्या. शिवाय तिथून निघालेला पदवीधर डोंगरात परततो का, हा ताईंचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

रयतेचा_पाईक
१६ ऑक्टोबर, रात्री १०:४३

आमचे तरी कुठे परतले? मी अटलांटात बसून लिहितोय.

मुळा_मुठा
१६ ऑक्टोबर, रात्री १०:५१

परत आणायचे प्रयत्नही झालेत की. कॅन्ससने २०११ मध्ये ५० ग्रामीण काउंट्या निवडल्या आणि जाहीर केलं: बाहेरून येऊन इथे राहा, पाच वर्षांत तुमच्या शैक्षणिक कर्जातले १५ हजार डॉलरपर्यंत आम्ही फेडू. माझा एक सहकारी त्यात गेला होता. कर्ज फिटलं, मग बायकोला नोकरी मिळेना म्हणून विचिटाला आला. त्याला दोष देत नाही. एका पदवीला नोकरी मिळते हो गावात, दोन पदव्यांच्या जोडप्याला नाही मिळत.

कोळसेवाडीचा_डॉक्टर
१७ ऑक्टोबर, पहाटे ५:५०

मुळा_मुठांचं शेवटचं वाक्य वाचून रात्रपाळीत थोडा वेळ गप्प बसलो. माझी बायको मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी. इथे तिने चौदा वर्षांत लायब्ररीत, चर्चच्या शिधावाटपात आणि माझ्या दवाखान्याच्या हिशोबात काम केलं. आकड्यात ती पदवीधर म्हणून मोजली जाते, तेवढंच.

आमची मुलगी यंदा हायस्कूलमधून पहिली आली. ऑगस्टमध्ये तिला पिट्सबर्गला सोडून आलो. तिच्या खोलीत अजून पुस्तकांची खोकी आहेत. निरोप समारंभात मुख्याध्यापक प्रत्येक हुशार मुलाच्या नावापुढे "हा अमुक ठिकाणी चालला" असं अभिमानाने सांगत होते आणि अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. जी मुलं इथेच राहून वायरमन होणार होती त्यांच्या नावाला टाळ्या कमी पडल्या. आता कळतंय की नकाशातला फिका रंग त्या सभागृहात आम्हीच भरत होतो.

पाटीवरची_मीना
१७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

डॉक्टर 🙏 आमच्याकडे तर शाळेच्या भिंतीवर नकाशा लावलाय. कोण कुठल्या कॉलेजला गेलं त्याच्या टाचण्या. आपल्या गावावर एकही टाचणी नाही. हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कृष्णाकाठ
१७ ऑक्टोबर, दुपारी १:००

भाकरीताई, त्या ७१ क्रेडिटवाल्याचं काय झालं? मी त्याच्यासाठी धागा उघडतोय रोज.

नाचणीची_भाकरी
२१ ऑक्टोबर, रात्री ११:१०

झालं ते सांगते. भात आज सकाळचाच आहे, घाई नाही.

पहिली अडचण: त्याच्याकडची गुणपत्रिका ही त्याची स्वतःची प्रत. आम्हाला जुन्या कॉलेजकडून थेट, मोहोरबंद हवी. ते कॉलेज देईना. का, तर १९९९ ची थकबाकी: न परतवलेलं ग्रंथालयाचं पुस्तक, पार्किंगचे दंड आणि त्यावरचे आकार मिळून २१४ डॉलर. म्हणजे ७१ क्रेडिटचं शिक्षण २१४ डॉलरांच्या कुलपात. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी कायदा करून ही अडवणूक बंद केली, पण सगळीकडे नाही. त्याने ते पैसे भरले असते, पण त्याला इतकी वर्षं हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, उशीर झाला म्हणून सगळं बाद झालं असणार. पुस्तक कुठलं होतं विचारलं तर म्हणाला, जनावरांच्या रोगांवरचं. अजून गोठ्यातल्या फळीवर आहे.

दुसरी अडचण: पेल ग्रँट. गरजूंना मिळणारी ही सरकारी मदत वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, आणि २०१२ पासून जन्मभरात बारा सत्रं एवढीच मर्यादा. त्याची चार-पाच वापरून झालीत, तेव्हा उरलीत. पण जुनं कर्ज थकीत असेल तर नवी मदत बंद. नशिबाने त्याचं फिटलंय. आमच्याकडे येणाऱ्या अर्धवट सुटलेल्यांत निम्म्यांचं इथेच अडतं: पदवी नाही म्हणून पगार कमी, पगार कमी म्हणून हप्ते चुकले, हप्ते चुकले म्हणून पदवीला पैसे नाहीत. टेनेसीने यावर बरा उपाय काढला. पदवी नसलेल्या प्रौढांना कम्युनिटी कॉलेजात फी माफ, २०१८ पासून. आयोवातही ठरावीक अभ्यासक्रमांपुरती तशी सवलत आहे, त्यात त्याला बसवायचं बघतेय.

तिसरी, आणि हिच्यावर मी घरी येऊन भांडी आपटली: ७१ पैकी ४६ च धरले. बाकीचे "आता त्या विषयाला समकक्ष नाही". संगणकाचा एक अभ्यासक्रम गेला ते समजलं, १९९७ चा संगणक होता तो. पण माती आणि खतांचा? माती बदलली का?

@आकडेमोड्या, तुमच्यासाठी एक गंमत. कॉलेजं जो "पदवी पूर्ण करण्याचा दर" छापतात तो १९९० च्या कायद्यानुसार पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ विद्यार्थ्यांवर काढतात. माझा माणूस पहिल्यांदा आलेला नाही, पूर्णवेळ नाही. उद्या तो पास झाला तरी आमच्या कॉलेजच्या त्या दरात मोजला जाणार नाही. नापास झाला तरी नाही! काउंटीच्या आकड्यात मात्र येईल, आधी असोसिएटच्या रकान्यात, पुढे गेला तर त्या मोठ्या रकान्यात. आणि तो कुठेही जाणार नाही. आई इथे आहे, नातू इथे आहे, बारा गाई आहेत.

आकडेमोड्या
२१ ऑक्टोबर, रात्री ११:३२

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. अठराव्या वर्षी पदवीला पाठवलेला मुलगा काउंटीच्या टक्क्यातून वजा होण्याची शक्यता जास्त, आणि ४७ व्या वर्षी पदवी घेणारा जवळपास नक्की अधिक. तरी सगळा पैसा आणि सगळ्या जाहिराती अठराव्या वर्षावर!

दख्खनी_इन_डॅलस
२१ ऑक्टोबर, रात्री ११:४०

ताई, ते २१४ डॉलर मी भरतो. नाव नको.

नाचणीची_भाकरी
२२ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

दख्खनी, आभार मनापासून, पण त्याने कालच भरले. पुस्तकही पोस्टाने पाठवलं म्हणाला, सव्वीस वर्षांनी. जानेवारीच्या सत्राला संख्याशास्त्र आणि लेखन असे दोन विषय घेतलेत. फक्त विचारत होता, फेब्रुवारीत गाई विणार, एखाद्या रात्री गोठ्यातून फोनवर वर्गाला बसलं तर चालेल का. मी हो म्हटलंय. सिग्नल मिळतो का ते आज संध्याकाळी गोठ्यात उभा राहून बघणार आहे आणि मला फोन लावणार आहे.

कृष्णाकाठ
२२ ऑक्टोबर, सकाळी ६:३४

लागला की इथे लिहा.